पोलिसाला दाखवायचा कागद

«काका, नमस्कार. मी गुहागर तालुक्यातली, वय 22. चिपळूणला एका लॅबमध्ये नोकरी लागली आहे. एसटीच्या वेळा जमत नाहीत म्हणून जुनी गाडी घ्यायची ठरवली आहे. लायसन्स चार महिन्यांपूर्वी मिळालं. 2017 ची वॅगनआर बघितली आहे, 2016 ची पेट्रोल स्विफ्टही आहे. दोन्ही दोन-सव्वादोन लाखांत मिळतील. अडलंय ते इन्शुरन्सवर. माझा मावसभाऊ लंडनजवळ असतो. तो म्हणतो, पंचविशीच्या आतल्या नव्या ड्रायव्हरला कंपन्या सोलून काढतात. इथे एका एजंटने 7,300 सांगितले, दुसरा 5,100 मध्ये ‘फुल’ देतो म्हणतो आणि मोबाईलवर नुसती थर्ड पार्टी अडीच हजारांच्या आत दिसते. बाबा म्हणतात थर्ड पार्टी घे, पोलिसाला दाखवायला कागद असला की झालं. गाडी विकणारे म्हणतात त्यांच्या पॉलिसीचे सात महिने शिल्लक आहेत, तीच चालव. गाडी बाबांच्या नावावर घेतली तर स्वस्त पडेल का? त्यांनी दोन वर्षांपूर्वी ओम्नी विकली. भाऊ म्हणतो, मे महिन्यात पर्यटकांना गाडी दिली तर इन्शुरन्सचे पैसे सुटतील. माझा पगार 14 हजार आहे. स्वस्तात स्वस्त काय ते सांगा. आणि धोपाव्याच्या फेरीबोटीतून गाडी नेताना काही झालं तर विमा मिळतो का?
— एक नवी ड्रायव्हर»

मुली, तुझा मावसभाऊ खोटं बोलत नाही, पण तो तिथलं सांगतोय. ब्रिटनमध्ये विमा कंपनी आधी चालवणाऱ्याचं वय विचारते, लायसन्स किती जुनं ते विचारते, मग गाडीकडे बघते. विशीतल्या बऱ्याच पोरांच्या गाडीत तिथे ब्लॅक बॉक्स बसवतात. ब्रेक किती जोरात मारला, रात्री किती वाजता गाडी बाहेर काढली, सगळं त्यात नोंदलं जातं आणि त्यावर पुढचा प्रीमियम ठरतो. तिथल्या पोरांना गाडी परवडते, विमा परवडत नाही, हे खरं आहे.

आपल्याकडे थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या विम्याचा, दर सरकार ठरवतं आणि तो इंजिनाच्या सीसीवर असतो. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरपत्रकात खासगी गाडीला 1000 सीसीपर्यंत वर्षाला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416 आणि त्याच्या वर 7,897. त्यावर 18 टक्के जीएसटी. बावीस वर्षांची तू असलीस काय आणि बासष्ट वर्षांचा मी असलो काय, आकडा तोच. कुठलीही कंपनी यात एक रुपया कमी करू शकत नाही, त्यामुळे ‘आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त’ असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडून गाडीचा आरसासुद्धा विकत घेऊ नकोस.

इथेच तुझा पहिला निर्णय होऊन जातो. तू बघितलेली वॅगनआर 998 सीसीची, स्विफ्ट 1197 ची. जीएसटी धरून एकीला 2,471 रुपये आणि दुसरीला 4,031. म्हणजे दरवर्षी 1,560 रुपयांचा फरक, आणि तो गाडी विकेपर्यंत राहणार. दोघींची अवस्था सारखीच असेल तर वॅगनआर घे. स्विफ्ट दिसायला बरी आहे, कबूल. पण गुहागर-चिपळूण रोज जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर करताना गाडी बाहेरून कशी दिसते ते तुला दिसणारच नाही.

थर्ड पार्टी सोडली की उरतो तो ‘फुल’ पॉलिसीतला दुसरा भाग, ओडी, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. याचे दर 2007 पासून खुले आहेत, कंपनीगणिक वेगळे. एखादी कंपनी मालकाचं वय, व्यवसाय विचारते, पण जास्त करून बघतात ते मॉडेल, गाडीचं वय, तिची किंमत आणि नोंदणी कुठली आहे ते. मुंबई-पुण्यासह आठ मोठी शहरं एका झोनमध्ये, बाकी देश दुसऱ्या झोनमध्ये. एमएच 08, म्हणजे आपली रत्नागिरीची नोंदणी, दुसऱ्यात येते. त्याने दर थोडा उतरतो, फार नाही. थोडक्यात, तुझ्या नवखेपणाचे पैसे इथे कंपनी घेत नाही. ते तू गॅरेजवाल्याला देशील. त्यावर पुढे येतो.

आधी तुझ्या बाबांच्या कागदाबद्दल. मी सव्वीस वर्षं सर्व्हेअरचं काम केलं, ठोकलेल्या, बुडालेल्या, दरडीखाली सापडलेल्या गाड्या बघून नुकसान किती ते लिहून द्यायचं. या सव्वीस वर्षांत ‘पोलिसाला दाखवायला’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या मते ते कोकणातल्या निम्म्या पॉलिसींवर छापायला हरकत नाही. बाबांचा हिशोब एका अर्थी बरोबर आहे. विमा नसताना गाडी चालवली तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड, पुन्हा सापडलं तर 4,000, आणि कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. थर्ड पार्टी घेतली की हे टळतं. शिवाय तुझ्या गाडीने कुणी जखमी झालं, दगावलं, तर कोर्ट जी भरपाई ठरवेल ती कंपनी देते, आणि त्याला वरची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान साडेसात लाखांपर्यंत. हे छोटं संरक्षण नाही. (एक बारीक गोष्ट: काही जण शंभर रुपये वाचवायला ही साडेसात लाखांची मर्यादा सहा हजारांवर आणून ठेवतात. पॉलिसीवर ते वाचून घे. सहा हजारांत आजकाल समोरच्याचा हेडलाईट येत नाही.)

पण तुझ्या स्वतःच्या गाडीला त्यात छदाम नाही. साठ हजारांची जुनी मारुती असती तर मीही म्हणालो असतो, थर्ड पार्टी घे आणि जप. तुझी गाडी दोन लाख दहा हजारांची धरली तर ती तुझा पंधरा महिन्यांचा पगार आहे. ती वाहून गेली तर दुसरी घ्यायला तुला किती वर्षं लागतील, हे बाबांना विचार.

वाहून गेली असं मी उगाच म्हणत नाही. आता तुझे ते दोन एजंट, 7,300 वाला आणि 5,100 वाला. दोघांच्या कोटेशनवर ‘आयडीव्ही’ असा रकाना असेल. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल तो हा आकडा. पाच वर्षांच्या आतल्या गाडीला तो ठरलेल्या घसाऱ्याने येतो. त्यापुढच्या गाडीला तो कंपनी आणि तू मिळून ठरवता, आणि एजंटला हात मारायला जागा मिळते ती इथेच. मला जवळजवळ खात्री आहे की पहिल्याने आयडीव्ही दोन लाखांच्या वर धरलाय आणि दुसऱ्याने सव्वा लाखाच्या आसपास आणून ठेवलाय. दोन्ही ‘फुल’च. ताडून बघ.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली ते तू शाळेत असताना ऐकलं असशील, कदाचित बघितलंही असशील. पाणी ओसरल्यावर मी कामाला बाहेर पडलो तेव्हा चिखलाला असा काही वास होता की आजही पावसाळ्यात नाल्यावरून जाताना तो येतो. गाड्या एकमेकींवर चढलेल्या, एक भिंतीला टेकून उभी. त्यातल्या एका गाडीचा मालक, किराणा दुकानवाला, दुकान गेलेलं, तरी पॉलिसी प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेली. ‘फुल आहे हो,’ म्हणाला. गाडी बाजारात अडीच लाखांची. आयडीव्ही सव्वा लाख. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की ती टोटल लॉस धरतात आणि आयडीव्हीतून ठरलेली कपात करून पैसे देतात. त्याची गाडी लाखभर रुपयांत उभी राहिली असती. पण सव्वा लाखाचे 75 टक्के म्हणजे 93,750. झाली टोटल. हातात आले सव्वा लाखाच्याही खाली. त्याने आयुष्यात आयडीव्ही हा शब्द ऐकला नव्हता. कुणीतरी त्याला प्रीमियम ‘बसवून’ दिला होता, आणि त्यानेही दरवर्षी दीड-दोन हजार वाचले म्हणून त्या कुणाचे आभारच मानले होते.

तुझ्या बाबतीत दोन कोटेशनमध्ये 2,200 रुपयांचा फरक आहे. त्यामागे आयडीव्हीचा नव्वद हजारांचा फरक असेल, तर सरळ 7,300 वाला घे. उलट्या बाजूने, कुणी तीन लाख आयडीव्ही धरून दिला तर तेही नको. गाडी तेवढ्याची नसताना जादा हप्ता भरून काय मिळणार? त्याच मॉडेलच्या, त्याच सालच्या गाड्या तुमच्या भागात कितीला जातात ते बघ आणि तेवढाच धर.

पुराचं निघालंच आहे तर अजून एक. साध्या फुल पॉलिसीत पूर, वादळ, दरड, झाड पडणं, आग, चोरी, हे सगळं येतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन-दापोलीकडे झाडाखाली गेलेल्या गाड्यांचे पैसे याच पॉलिसीतून मिळाले. माडाखाली उभ्या केलेल्या गाडीवर नारळ पडून काच गेली तर तेही येतं. काचेला तर घसाराही कापत नाहीत. (गाडी माडाखाली उभी करू नकोस, हे सांगायला विमा सर्व्हेअर लागत नाही.) पण पाण्यात उभ्या असलेल्या, किंवा पाणी ओसरलेल्या गाडीची किल्ली फिरवलीस तर गोष्ट बदलते. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, आतला कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन संपतं. मग कंपनी म्हणते, सीट, वायरिंग, कार्पेट पुराने गेलं, त्याचे पैसे घ्या. इंजिन तुम्ही चालू केलंत म्हणून गेलं. पॉलिसीच्या अटी बघितल्या तर तिचं बरोबर असतं. चिपळुणात मी अशा गाड्या बघितल्या ज्यांच्यात पाणी फक्त सीटपर्यंत आलं होतं, पाच-सात हजारांत साफ झाल्या असत्या. ‘बघू तरी चालू होते का’ या एका वाक्याने साठ हजारांचं काम निघालं.

म्हणून तू घ्यायचंच असेल असं एकच ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून जोडायचं संरक्षण, आहे: असं पाण्याने गेलेलं इंजिन भरून देणारं इंजिन प्रोटेक्ट. गाडी जुनी असल्यामुळे सगळ्या कंपन्या देणार नाहीत, पण विचार. ते पॉलिसी घेतानाच घ्यावं लागतं, पाऊस सुरू झाल्यावर मागून जोडता येत नाही. आणि ते असो वा नसो, पाण्यात सापडलेली गाडी ढकलून, ओढून न्यायची, किल्लीला हात लावायचा नाही. झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये सुट्या भागांचा घसारा न कापणारं ॲड-ऑन, तुझ्या गाडीच्या वयाला बहुतेक मिळणार नाही, मिळालं तर महाग पडेल, सोड. चावी हरवल्याचं, सामान चोरीला गेल्याचं वगैरे जे काही असतं ते एजंटच्या पोराच्या फीसाठी असतं.

आता विकणाऱ्यांची ती सात महिन्यांची पॉलिसी. ती ‘चालव’ म्हणणं सोपं आहे. गाडी तुझ्या नावावर झाली की त्यातली थर्ड पार्टी आपोआप तुझ्याकडे येते, पण ओडी येत नाही. नावबदल झाल्यापासून 14 दिवसांच्या आत कंपनीला अर्ज करून पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागते. पंधराव्या दिवशी परशुराम घाटात दरड पडली तर पॉलिसी त्यांच्या नावावर, गाडी तुझ्या नावावर, आणि क्लेम कुणाचाच नाही. शिवाय त्या पॉलिसीत त्यांनी कमावलेला एनसीबी असेल, न घेतलेल्या क्लेमची सूट. ती माणसाची असते, गाडीची नाही. पॉलिसी तुझ्या नावावर करताना त्या सुटीची रक्कम कंपनी तुझ्याकडून वसूल करते. तेव्हा सात महिने फुकट मिळतायत असं समजू नकोस. ट्रान्सफर करून किती भरावे लागतील ते विचार आणि नव्या पॉलिसीशी तुलना कर. व्यवहाराच्या दिवशी आरटीओतल्या नावबदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्याशिवाय सगळे पैसे देऊ नकोस. ‘मग बघू, माणूस ओळखीचा आहे’ असं सगळेच म्हणतात, आणि ओळखीच्याच माणसाला दोन वर्षांनी फोन करून आरटीओत यायला सांगणं फार जड जातं.

बाबांच्या नावाचा प्रश्न तू चांगला विचारलास, कारण त्यात खरंच थोडे पैसे आहेत. बाबांच्या ओम्नीवर फुल पॉलिसी असेल आणि क्लेम न घेता वर्षं गेली असतील, तर त्यांचा एनसीबी असणार. एका वर्षाला 20 टक्के, मग 25, 35, 45, आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर 50. गाडी विकल्यावर जुन्या कंपनीकडून त्याचं पत्र मिळतं आणि ते तीन वर्षं चालतं. ओम्नी दोन वर्षांपूर्वी विकली, म्हणजे अजून वेळ आहे. पण ही सूट फक्त बाबांच्या नावावरच्या गाडीला, आणि फक्त ओडीवर. वडिलांची सूट मुलीला देता येत नाही. (आणि बाबांनी ओम्नीला आयुष्यभर ‘पोलिसाला दाखवायचा कागद’च घेतला असेल, तर एनसीबी नाहीच. थर्ड पार्टीवर तो जमत नाही.)

समज, 45 टक्के आहे. तुझ्या गाडीचा ओडी साधारण तीन-साडेतीन हजार, म्हणजे दीड हजार वाचतील. गाडी बाबांची, चालवणार तू, यात बेकायदा काही नाही. मालकाच्या परवानगीने वैध लायसन्सवाला कुणीही चालवली तरी पॉलिसी लागू असते. मग मी नको का म्हणतोय? पॉलिसीबरोबर 15 लाखांचा अपघात विमा सक्तीचा असतो, त्याचे वर्षाला तीन-चारशे रुपये होतात. तो मालक-चालकाचा असतो. गाडी बाबांच्या नावावर असली तर तो बाबांना लागू, रोज नव्वद किलोमीटर गाडी हाकणाऱ्या तुला नाही. आणि उसनी गाडी चालवणारा हा मालकाच्या जागी उभा असतो, त्याला तिऱ्हाईत म्हणून थर्ड पार्टीतून भरपाई मागता येत नाही, अशा अर्थाचे सुप्रीम कोर्टाचे निकाल आहेत. म्हणजे तुझी स्वतःची चूक होऊन तुला काही झालं तर घरच्यांच्या हातात काहीच नाही. बाबांच्या नावावरच घ्यायची असेल तर तुझ्यासाठी वेगळा अपघात विमा काढ, मग वाचलेल्या दीड हजारातले काही गेलेच. शिवाय एनसीबी बाबांचा वाढत राहील, तुझा शून्यावरच. तुला पुढे पस्तीस-चाळीस वर्षं गाडी चालवायची आहे. आत्तापासून स्वतःचं खातं उघड. मी तरी गाडी तुझ्याच नावावर घेईन.

भावाला मात्र आधी गप्प बसव. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी, गाडी पैसे घेऊन कुणाला दिली, किंवा पैसे घेऊन कुणाला फिरवून आणलं, की पॉलिसीची अट मोडली. गाडीचं नुकसान तर मिळत नाहीच. कुणी दगावलं तर कंपनी आधी त्या कुटुंबाला पैसे देईल आणि मग कोर्टाच्या हुकमाने ते तुझ्याकडून वसूल करेल. ही रक्कम लाखांत असते. मी अशा एका प्रकरणात बघितलंय की गाडीत बसलेले ‘आमच्या मुंबईच्या मामांचे पाहुणे’ होते; मालकाने तसं लिहून दिलं. पाहुण्यांनी मात्र पोलिसांना जबाब देताना खरं सांगितलं की गुगल पेने तीन हजार दिलेत, आणि मोबाईल पुढे केला. पाहुण्यांना कशाला खोटं बोलायचंय?

आंब्याचंही त्यातच. तुमची कलमं असतीलच. खासगी गाडीच्या पॉलिसीत स्वतःचं सामान आणि नमुने सोडून मालवाहतूक बसत नाही. आत्याला दोन पेट्या नेल्यास तर कुणी काही म्हणणार नाही. मागची सीट पाडून पंचवीस पेट्या कोल्हापूरला गिऱ्हाईकाकडे निघालीस आणि वाटेत ठोकलीस, तर सर्व्हेअर आधी पेट्या मोजेल. मी मोजल्या आहेत.

आता तुझ्या नवखेपणाबद्दल, जे मी मागे सोडलं होतं. पहिल्या वर्षी तू बंपर घासणार. मागचा, डाव्या बाजूचा, बहुतेक स्वतःच्याच गडग्याला. समज, बंपर आणि रंग मिळून चार हजारांचं बिल आलं. प्लास्टिकला आणि रंगाच्या सामानाला निम्मा घसारा कापतात, वर प्रत्येक क्लेममध्ये सक्तीने कापले जाणारे हजार रुपये तुझे. क्लेममधून हजार-बाराशे सुटतील, आणि त्याच्या बदल्यात पुढच्या वर्षीची 20 टक्क्यांची सूट जाईल, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या पायरीवर. तेव्हा ओरखडा तसाच राहू दे, किंवा स्वतःच्या पैशाने कर. क्लेम मोठ्या नुकसानीसाठी. या हजाराच्या वर स्वेच्छेने जास्त कपात स्वीकारली तर प्रीमियम कमी होतो, 2,500, 5,000 असे टप्पे असतात. पण तुझा ओडी मुळातच लहान आहे, तीन-चारशे वाचवायला पाच हजारांची जबाबदारी अंगावर घेण्यात मला राम दिसत नाही. किलोमीटरवर चालणाऱ्या पॉलिसी आल्या आहेत, 2022 पासून. त्या चाकरमान्यांच्या, गणपतीला आणि शिमग्यालाच बाहेर निघणाऱ्या गाडीला बऱ्या. तू वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर करणार, तुझ्या कामाच्या नाहीत.

घेताना तीन ठिकाणी विचार: एक ऑनलाईन, एक सरकारी कंपनीच्या कार्यालयात स्वतः जाऊन, एक तुझा 7,300 वाला एजंट. तिघांना आयडीव्ही तोच सांग, ॲड-ऑन तेच सांग, नाहीतर तुलना म्हणजे पापलेटाची बांगड्याशी. ऑनलाईन दोन-तीनशे रुपये कमी निघेल. तेवढ्यासाठी घेण्याआधी त्या कंपनीचं कॅशलेस गॅरेज, म्हणजे जिथे क्लेमचे पैसे कंपनी परस्पर भरते ते, चिपळूण-रत्नागिरीत आहे का ते बघ; नसेल तर गाडी कोल्हापूरला न्यायची का? आपल्या भागातला, फोन उचलणारा एजंट मिळत असेल तर मी ते तीनशे रुपये त्याला देईन. पैसे मात्र कंपनीच्या नावाने भरायचे, एजंटच्या खात्यात नाही, आणि पॉलिसी व्हॉट्सॲपवर आली की तिचा नंबर कंपनीच्या साईटवर टाकून बघायचा. खोट्या पॉलिसीही हुबेहूब छापलेल्या असतात. पुढे क्लेममध्ये कंपनीने दाद दिली नाही तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा नियामकाची हेल्पलाईन 155255, त्यानेही नाही झालं तर विमा लोकपाल. तिथे वकील लागत नाही, फी नाही.

तारीख विसरू नकोस. मुदत संपून 90 दिवस गेले की जमलेला एनसीबी गेला, आणि एक दिवस उलटला तरी ओडीसाठी गाडीची तपासणी पुन्हा होते. व्यवहार मे महिन्यात होणार असेल तर नूतनीकरणही दरवर्षी पावसाच्या तोंडावर येईल. ते चांगलंच.

ता. क. धोपाव्याच्या फेरीबोटीबद्दल. देशांतर्गत जलमार्गाने, रेल्वेने गाडी नेताना झालेलं नुकसान साध्या फुल पॉलिसीत येतं, त्यामुळे धोपावे-दाभोळ फेरीत दुसरी गाडी मागून आदळली तरी क्लेम होतो. चढवताना नवखा माणूस गडबडतो आणि गाडी मागे येते. पण बोटीवरच्या पोऱ्याला चढवायला सांगू नकोस, त्याच्याकडे लायसन्स आहे की नाही तुला माहीत नसतं, आणि नसलं तर क्लेम तिथेच संपतो. पहिल्या दोन-तीन वेळा बाबांना चालवू दे, तू बाजूला बसून बघ.